महिनाचूक चाळणी

मोहाला जानेवारीत फूल येत नाही, असं शासनाने ठरवलेलं होतं. मोहाला तेवढं कळवायचं राहून गेलं होतं.

२०४१ सालच्या जानेवारीची सहा तारीख. नागपुरातल्या ऋतुनिरीक्षण मंडळाच्या चौथ्या मजल्यावर मी पंखा तीनवर ठेवून बसलो होतो. खाली आवारातला बहावा नोव्हेंबरपासून पिवळाधमक झाला होता. आमचे लोक त्याच्याखाली गाड्या लावायचे आणि संध्याकाळी सीटवरच्या पाकळ्या झटकून घरी जायचे. बहाव्याचा अधिकृत बहर एप्रिलअखेरचा असल्यामुळे मान वर करून कोणी बघत नसे. दोन दिवसांपूर्वी जिन्यात साप निघाला होता. तोही अधिकृतपणे शीतनिद्रेतच होता.

अकराच्या सुमारास फोन वाजला.

"मास्तर, मैनीले अस्वलीनं धरलं जी."

जानकाबाई तुमराम. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कोसमटोला नावाच्या तीस घरांच्या गावात ती राहते. मंडळात यायच्या आधी मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे, तेव्हा तिच्या पडवीत राहून मी मोहावर संशोधन केलं होतं. म्हणजे ती दाखवायची आणि मी लिहायचो. पुढे मला डॉक्टरेट मिळाली आणि तिला मंडळाची 'ऋतुमित्र' ही पदवी, सोबत एक फोन. मैना तिची जाऊ.

"कुठे?" मी विचारलं.

"मोहाखाली. टोपली घेऊन बाई पहाटे अजून कुठं जाते?"

"कशी आहे ती?"

"जित्ती हाय. एक डोळा गेला. डोस्क्याचं कातडं पार मागं लोंबत होतं, मीच दाबून धरलं दवाखान्यापावतर." मग ती म्हणाली, "तुमचा खांब तीस पावलावर हाय मास्तर. मी मोजली पावलं. झोपला होता तो."

खांबाबद्दल सांगायला हवं, कारण तो मुळात चांगला आहे. अस्वलाला वरच्या जबड्यात समोरचे दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी अशी ओढून घेतं, की जुनी धान्य पाखडायची मशीन सुरू झाल्यासारखा आवाज होतो. दीडशे मीटरवर ऐकू जातो तो. आमच्या खांबाच्या डोक्यावर चार कान आहेत आणि पोटात एक संगणक. हा आवाज, फुसफुसणं, पाचोळ्यावरचं जड पाऊल, हे सगळं तो रानडुकरापासून आणि गुराख्यापासून वेगळं ओळखतो आणि अस्वल शंभर पावलांवर आलं की भोंगा वाजवून लाल दिवा लावतो. भोंग्याने अस्वल बिचकतं, बाई सावध होते, दोघी आपापल्या घरी जातात. पहिल्या चार वर्षांत या खांबांखाली एकाही माणसाला ओरखडा आला नव्हता.

एकच अडचण. ऐकत राहायला वीज लागते आणि सागाच्या सावलीत सौरपट्टी अर्धपोटी राहते. म्हणून मोहाचा हंगाम सोडून बाकी दिवस खांब झोपवलेले असतात. हंगाम लागला हे खांबांना कोण सांगतं? 'ऋतुपाल' नावाची आमची संगणक प्रणाली. ऋतुमित्रांनी पहिल्या फुलाची नोंद धाडायची, ऋतुपालने ती तपासायची आणि मान्य झाली की त्या भागातले खांब उठवायचे.

जानकाबाईने कोसमटोल्याच्या पहिल्या फुलाची नोंद एकोणतीस डिसेंबरला धाडली होती. मी पडद्यावर काढून बघितली. फोटोसह तीनदा धाडली होती. तिन्ही वेळा शेरा एकच: 'अमान्य. कारण: मानवी चूक.' फोटोखाली आणखी एक ओळ होती: 'छायाचित्र जुने असण्याची शक्यता ९७ टक्के.'

मी पंखा चारवर केला. शेरा मला चांगलाच ओळखीचा होता. तो मीच लिहिला होता.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोसमटोल्यात होतो. पौषातली दुपार आणि पाठीला घामाने चिकटलेला शर्ट. वाटेत पावशा ओरडत होता. कोणत्या पेरणीबद्दल, ते त्यालाच ठाऊक.

मोहाच्या झाडावर पान नव्हतं. फांद्यांच्या टोकांना मखमली तपकिरी कळ्यांचे घोस आणि खाली जमिनीवर पिवळसर, रसाळ फुलं. एखाद्याने मणीमाळ तोडून टाकावी तशी. वास इतका गोड की डोकं जड व्हावं.

मोहाचं गणित सोपं आहे. थंडीत पान गाळून झाड कळ्या तयार ठेवतं. थंडी सरली की रोज थोडी ऊब गोळा करतं आणि पुरेशी साठली की कळी सोडतं. पूर्वी हे साठायला मार्चचा मध्य उजाडायचा. आता थंडी येते तीच मुळी पाहुण्यासारखी, चहा घेऊन निघते. ऊब नाताळातच पुरी होते. आणि फुलं पहाटे गळत असल्यामुळे ज्याला ज्याला ती हवीत तो तो पहाटेच येतो. बायका येतात, चितळ येतात, अस्वलं येतात.

"पिल्लं होती पाठीवर," जानकाबाई म्हणाली. "दोन. पौषात, मास्तर! या दिसांत अस्वल बिळात निजून रायते पिल्लं घेऊन. मैनीले का माहीत? ती वाकली होती, अस्वल बी वाकली होती. दोघीच्या मधात एक झुडूप."

तीस पावलांवर खांब उभा होता. त्याच्या पोटावर मंडळाचं बोधचिन्ह आणि खाली वाक्य: 'आम्ही ऐकतो'. मी कान लावला. आत काहीही चालू नव्हतं.

"दगड मारून बघितला मी," ती म्हणाली. "उठत नाई."

"उद्यापासून बायकांना पाठवू नका, जानकाबाई. निदान पंधरा दिवस."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्याकडे परीक्षकानेही असं बघितलं नव्हतं.

"पंधरा दिसांत झाड रिकामं होते. मंग वर्षभर का खावाचं? तुमचा शेरा?" ती म्हणाली. "आमी जानार. उद्या बी, परवा बी. भोंगा वाजला तं पळू, नाई वाजला तं..." पुढचं तिने मैनीच्या रिकाम्या टोपलीकडे बघून सोडून दिलं.

घराच्या अंगणात बसल्यावर मी विचारलं, "पंडुम झाला का?"

या गावात मोहाचं फूल कोणी आपल्या मनाने उचलत नाही. गावची पाच जाणती माणसं रानात जातात, झाडं बघतात, परत येऊन सांगतात की आला. मग भूमक, म्हणजे गावचा पुजारी, पहिली फुलं देवाला ठेवतो. तो पंडुम. त्यानंतरच टोपल्या बाहेर निघतात. तारीख ठरलेली नसते, झाड ठरवतं.

"दोन तारखेले झाला," जानकाबाई म्हणाली. "भूमक आधी मानेच ना. म्हने, आजवर पौषात पंडुम आयकला नाई. मंग गेला झाडाखाली, उभा रायला, फूल पडलं त्याच्या खांद्यावर. आला वापस, म्हने करा. खतम." तिने पदराने मानेचा घाम पुसला. "तुमच्या कचेरीतल्या मान्साले झाडाखाली उभं कराले का लागते जी?"

*

आता माझ्या पराक्रमाबद्दल.

२०२९ साली अधिक चैत्र आला. गावोगावच्या ऋतुमित्र बाया तारखा इंग्रजी महिन्याने सांगत नव्हत्या. "चैत्र लागला तवा" म्हणायच्या. आता त्या वर्षी चैत्र होते दोन, आणि आमच्या कारकुनांनी हाताला लागेल तो धरला. परिणामी अर्ध्या राज्यातला मोह कागदावर एक महिना इकडे नाही तर तिकडे फुलला. अहवालाची शोभा झाली. तेव्हा मी, मंडळातला नवा आणि हुशार माणूस, एक नियम लिहिला: सरासरी तारखेपासून तीन आठवड्यांपेक्षा लांब असलेली नोंद अमान्य धरावी आणि कारण 'मानवी चूक' लिहावं. सरासरी काढावी मान्य नोंदींवरून. नियमाचं नाव 'महिनाचूक चाळणी'. त्याबद्दल मला शाल मिळाली.

ऋतू दरवर्षी दोन-दोन दिवसांनी सरकला असता तर सरासरीही त्याच्यामागून सरकली असती. पण २०३३चा हिवाळा आलाच नाही आणि मोहाने एकदम सहा आठवड्यांची उडी मारली. सगळ्या खऱ्या नोंदी चाळणीच्या बाहेर पडल्या. तेव्हापासून ऋतुपाल फक्त त्याच्याशी सहमत असलेल्यांचंच ऐकत होता. कचेरीत राहून त्याला ती सवय लागली असावी.

ऋतुमित्रही शहाणे झाले. खरी तारीख घातली की फोन लाल होतो, बारा मार्च घातली की हिरवा. लोकांनी बारा मार्च घालायला सुरुवात केली. गेल्या वर्षी एकेचाळीस टक्के नोंदी नेमक्या बारा मार्चच्या होत्या. वार्षिक अहवालात या गोष्टीला 'ऋतूची शिस्त' म्हटलं होतं. त्या शिस्तीच्या आधारावर विधिमंडळात सांगितलं गेलं की राज्यात ऋतुबदलाचा शास्त्रीय पुरावा नाही. बाकं वाजली. आत एअरकंडिशनर चालू होता, महिना जानेवारीचा.

नऊ वर्षं फक्त एका बाईने न बदलता खरी तारीख धाडली आणि नऊ वर्षं आम्ही तिला चूक म्हटलं. मला हे माहीत नव्हतं का? अमान्य नोंदींची यादी दर महिन्याला माझ्या टेबलावर येत असे. मी ती उघडत नसे, कारण ती अमान्य होती.

*

तेरा जानेवारीला संचालकांनी बोलावलं. मंदार हिर्लेकर. कॉलेजात आम्ही एका डब्यात जेवलो आहोत. त्याच्या डब्यातलं कारलं मी खायचो, माझी भाजी तो.

"ये हेमराज. तिळगूळ घे," तो म्हणाला. लाडू उन्हाने मऊ होऊन वाटीला चिकटले होते. "कोसमटोल्याचं ऐकलं. वाईट झालं."

"मंदार, चाळणी काढायला हवी. आज."

"काढू की. उपसमिती नेमू." त्याने एक कागद माझ्याकडे सरकवला. "आधी हे तेवढं. तांत्रिक प्रमुख म्हणून तुझी सही लागते."

कागदावर लिहिलं होतं: 'सहा जानेवारी रोजी सदर परिसरात मोह फुललेला नव्हता. सबब संबंधित महिला मोह वेचण्याव्यतिरिक्त अन्य कारणाने वनात गेली असावी. यंत्रणेत दोष नाही. मानवी चूक.'

मी कागद दोनदा वाचला. "अन्य कारण म्हणजे काय रे? पहाटे साडेचारला, टोपली घेऊन? फिरायला गेली होती ती?"

"मला विचारू नकोस, विधी विभागाची भाषा आहे."

"मी सात तारखेला त्या झाडाखाली उभा होतो. बुटाला फुलं चिकटून आली आहेत, हवी तर दाखवतो."

"तू उभा होतास, ऋतुपाल नव्हता." मंदारने आवाज खाली घेतला. "हे बघ, पुढच्या महिन्यात जागतिक परिषदेत आपल्याला 'ऋतुस्थैर्य' सन्मान मिळतोय. सबंध आशियात आपला एकटाच प्रदेश असा आहे जिथे ऋतू हललेला नाही. आत्ता तू म्हणणार की तो आठ वर्षांपूर्वीच हलला, फक्त तुझ्या नियमाने झाकला? तुझ्या, हेमराज. फाइलवर तुझंच नाव आहे. दीड वर्ष राहिलंय तुझं. शांतपणे घरी जा ना."

"तिथे उद्या पहाटे सोळा बायका जाणार आहेत."

"मग त्यांना नको जाऊ म्हणून सांग."

"सांगितलं. त्यांनी विचारलं, वर्षभर काय खायचं?"

मंदार खिडकीतून बाहेर बघत राहिला. बाहेर बहावा होता. त्याने पडदा ओढला.

"उपसमिती मार्चमध्ये बसेल," तो म्हणाला. "बारा तारखेच्या आसपास."

मी कागद घेऊन माझ्या खोलीत आलो. चाळणी काढण्याचा अधिकार मला नव्हता, तो उपसमितीला होता. खांब हाताने उठवण्याचा अधिकार संचालकांना होता. मला अधिकार होता सही करण्याचा.

मग मला न्यायमूर्ती आठवले. ऋतुपालची नियमावली लिहिताना समितीत एक निवृत्त न्यायाधीश होते. सगळ्या बैठकांत ते डुलक्या घ्यायचे. एकदाच जागे झाले आणि म्हणाले, "नियम करणाऱ्यानेच चूक कबूल केली, तर काय करणार तुमचं यंत्र?" आम्ही हसलो. त्यांच्या समाधानासाठी कलम सतरा घातलं: 'नियमकर्त्याने स्वतःची चूक लेखी मान्य केल्यास, चौकशी पूर्ण होईपर्यंत तो नियम आपोआप स्थगित राहील व त्या नियमान्वये अमान्य केलेल्या नोंदी पूर्ववत होतील.' त्याला उपसमिती लागत नव्हती आणि संचालकांची सहीही लागत नव्हती. अकरा वर्षांत ते कलम एकदाही वापरलं गेलं नव्हतं. शासकीय कार्यालयात माणूस आपण होऊन चूक कबूल करील, ही शक्यता इतकी दूरची होती की त्या बटणावर कोणी पहारा ठेवला नव्हता.

मी फॉर्म उघडला.

'चूक मानवी आहे काय?' होय.

'संबंधित मानवाचे नाव.' या रकान्यात आधीच भरून आलं होतं: जानका तुमराम. यंत्र उपकारक असतं, आपले श्रम वाचवतं. मी ते नाव खोडलं. टंकायला घेतल्यावर लक्षात आलं की माझ्या बोटांना तिळगुळाचा पाक लागला आहे आणि प्रत्येक अक्षराला कळ चिकटते आहे. तरी लिहिलं. हेमराज टेंभुर्णे.

'चुकीचे स्वरूप.' इथे दोनशे अक्षरांची मर्यादा होती. मी लिहिलं: 'झाड खरं की सरासरी, असा प्रश्न आला तेव्हा मी सरासरी निवडली. झाडाखाली जाऊन बघितलं नाही. त्यामुळे एका बाईचा डोळा गेला.'

'आपणास परिणामांची जाणीव आहे काय?' होय.

बटण दाबलं. काही सेकंद पडदा स्तब्ध राहिला. मग अमान्य नोंदींची यादी उघडली आणि ओळी एकामागून एक हिरव्या होऊ लागल्या. एकतीस हजार नोंदी. मोह, पळस, पांगारा, काटेसावर, बहावा. अवेळी बाहेर पडलेले साप आणि माघातच ओरडलेले पावशे. शेजारच्या आलेखावर बारा मार्चला दहा वर्षं आडवी पडून असलेली सरळ रेषा हलली, आणि मग माझ्यासमोर कड्यावरून घसरावी तशी खाली गेली. सर्वांत खालच्या टोकाला एक ठिपका. एकोणतीस डिसेंबर, कोसमटोला, नोंदणार जानका तुमराम. शेरा: मान्य.

पाच मिनिटांत मंदारचा फोन आला. मी उचलला नाही. नंतर तो स्वतः दारात आला.

"हेम्या, काय केलंस तू?"

"कारलं खाल्लं," मी म्हणालो. "तू खात नव्हतास म्हणून."

तो हसला नाही. त्याच्या हातात तिळगुळाची वाटी तशीच होती.

"तुला कळतंय का तू कोणाला तोंडघशी पाडलंस?"

"मैनाबाईचं अर्धं तोंडच गेलं रे. तिच्यापासून सुरू करूया का?"

तो गेला. कबुली दिलेल्या दिवसापासूनच निलंबन लागू होतं, हे मला त्याच कलमाच्या दुसऱ्या परिच्छेदात सापडलं. न्यायमूर्ती डुलक्या घेत नसावेत.

*

संक्रांतीच्या सकाळी सहा वाजता फोन आला. मागे कर्कश भोंगा आणि बायकांचा गलका ऐकू येत होता.

"मास्तर, आयकून रायले का? तुमचा खांब बोंबलून रायला जी! आताच उठला. अस्वल होती, तीच, पिल्लंवाली. भोंगा वाजल्याबरोबर तिरपी पळाली नाल्याकडं. शांती टोपली फेकून पळाली, तिची टोपली नाल्यात गेली."

"कोणाला लागलं?"

"कोनालेच नाई. शांतीले तिच्या टोपलीचं लागलं." ती हसत होती, धापा टाकत होती. मग म्हणाली, "फोन बी हिरवा झाला माहा. नऊ वर्सांत पहिल्यांदा."

"तुमच्या नऊही नोंदी मान्य झाल्या, जानकाबाई."

"त्या मान्यच होत्या," ती म्हणाली. "तुमालेच उशीर झाला."

भोंगा थांबला. मला पलीकडचा पावशा ऐकू आला.

"चालली मी आता दवाखान्यात, मैनीले भेटाले. का सांगू तिले?"

टेबलावर निलंबनाचा आदेश होता, त्यात कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा ते बरोबर माणसाबद्दल लिहिले गेले होते.

"सांगा, खांब उठला म्हणून," मी म्हणालो. "आठ दिवस उशिरा उठला."

"उशिराचं नाई सांगत," जानकाबाई म्हणाली. "तेवढं तिले ठावं हाय."